भानू पेंटरनं बॉनेट उघडलं

डोंगराच्या पायथ्याशी कासारपेठ नावाचं गाव होतं आणि त्या गावात एक पेंटर राहत होता. त्याचं नाव भानुदास, पण लहानथोर सगळे त्याला भानू पेंटर म्हणायचे. किराणा दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या पाठीमागची कमळं, सगळं त्याच्याच हातचं. अक्षर इतकं देखणं की ज्याला काही घ्यायचं नाही तोही दुकानासमोर थांबून पाटी वाचायचा. भिंतीला पोपडे आले असोत की दाराला भेगा पडल्या असोत, भानूनं लांबीची पुट्टी भरून वर रंगाचे दोन हात मारले की वस्तू नवी दिसू लागायची. अशी तीस वर्षं गेली. दोन हातांत झाकलं जात नाही असं जगात काही नसतं, असं त्याला मनापासून वाटायला लागलं होतं.

भानूकडं एक जुनी पांढरी मोटार होती. ती त्याच्याकडं आली तेव्हाच कुणाच्या तरी हातून वापरून झालेली होती. पण भानूनं तिला असं ठेवलं होतं की तिच्या दारात बघून माणसानं भांग पाडावा. दर रविवारी तो तिला धुवायचा, पुसायचा, मेण लावून चमकवायचा. चाकांच्या वाट्या तर तो कापडाच्या टोकानं कोरून कोरून साफ करायचा. गावात कुणी जावयाला गाडी नीट ठेवण्याबद्दल ऐकवायचं असलं की भानूच्या मोटारीकडं बोट दाखवायचं. भानूला ते कळायचं आणि आवडायचंही.

बॉनेट मात्र त्यानं कधी स्वतःच्या हातानं उघडलं नव्हतं. तेल-पाणी बघायला गाडी नाक्यावरच्या गॅरेजात जायची. तिथं कुणीतरी बॉनेट उघडायचं, काठी बुडवून तेल बघायचं आणि बॉनेट आदळायचं. तेवढा वेळ भानू समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला असायचा.

भानूला एक भाची होती, सख्ख्या बहिणीची मुलगी. तिचं नाव निशिगंधा, घरात निशी. ती नर्सिंग शिकली आणि तिला भैरवमाळच्या आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली. भैरवमाळ डोंगरावर. तिथं जायला सातवळणी घाट चढावा लागतो. एसटी दिवसातून दोनदा आणि आजूबाजूच्या वाड्या अशा विखुरलेल्या की पायी निघालं तर जाऊन येण्यात दिवस मोडावा. निशीला मोटार चालवता येत होती, पण मोटार नव्हती. भानूकडं मोटार होती, पण हल्ली त्याला लांबचं नीट दिसत नसल्यानं ती बाजारापलीकडं जात नव्हती. एके दिवशी जेवताना त्याची बायको इंदू म्हणाली की गाडी अंगणात उभी राहून कुणाचं भलं करत नाही, ती निशीला देऊन टाका. भानूनं घास खाली ठेवला, दोन क्षण विचार केला आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगत सुटला की आपल्याला एक कल्पना सुचली आहे.

निशीला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून मोटार रविवारी द्यायची ठरली. भानू नुसती किल्ली हातात देणाऱ्यांतला नव्हता. त्यानं फळा घेतला, निळ्या अक्षरांना पिवळी सावली दिली आणि तो फळा एसटी स्टँडवर टांगला. त्यावर लिहिलं होतं: ‘रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही आमची मोटार आमच्या भाचीला देणार आहोत. सर्वांनी यावे. पोहे आहेत.’

हा फळा शुक्रवारी सकाळी दस्तगीर मेस्त्रींनी वाचला. दस्तगीर मेस्त्री भानूचे शेजारी. एसटीच्या डेपोत उभी हयात गेलेली, आता निवृत्त. ते काठी टेकत आले, भानूला म्हणाले की मामा असावा तर असा. मग त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सहज विचारलं, बॉनेट उघडून बघितलंस का?

भानू हसला. "बॉनेटखाली कोण बघतंय, दस्तगीरभाई?"

"घाट बघतो," मेस्त्री म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

ते दोन शब्द भानूला दुपारपर्यंत टोचत राहिले. तो बाजारातून पोह्यांचं पोतं घेऊन आला, गाडी अंगणात उभी केली आणि इकडंतिकडं बघून बॉनेटचा खटका शोधायला लागला. तो कुठं असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं तो सापडला. बॉनेट वर झालं आणि भानूचं तोंड उतरलं.

आत सगळं काळं होतं. वर्षानुवर्षांची धूळ तेलात भिजून, उन्हानं आणि उष्णतेनं शिजून, करपलेल्या पिठल्यासारखी सगळीकडं चिकटली होती. खाचांतून लिंबाची वाळकी पानं अडकली होती. एका कोपऱ्यात उंदरानं घर केलं होतं. त्या घराला कापूस होता, सुतळी होती आणि भानूच्याच एका हरवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनचा तुकडाही होता. भानूनं बॉनेट चटकन खाली केलं. ज्याच्या मोटारीचं नाव सगळं गाव काढतं, त्या माणसाच्या मोटारीत हे होतं.

त्याला पहिल्यांदा सुचला तो रंग. तो काळ्या रंगाचा डबा, रुपेरी रंगाचा डबा आणि दोन ब्रश घेऊन आला. इंदू ओट्यावर पोहे निवडत बसली होती. तिनं विचारलं, हे कशाला? भानूनं हळू आवाजात सांगितलं. इंदूनं उठून एकदा बॉनेटखाली वाकून बघितलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "तेलकट भिंतीवर रंग धरत नाही असं तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता ना?"

स्वतःचंच वाक्य अंगावर आलं तेव्हा भानूनं डबे खाली ठेवले. पण त्यातून तो धीर शिकला नाही. रंग नाही तर पाणी, असं म्हणून त्यानं विहिरीच्या पंपाची नळी ओढून आणली, तिचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि फवारा थेट इंजिनावर सोडला. गाडी बाजारातून नुकतीच आली होती. इंजिन तापलेलं होतं. पाणी पडताच आतून तडतड आवाज आला आणि वाफेचा लोट भानूच्या तोंडावर आला. तो मागं उडी मारून वाचला, पण भुवया चांगल्याच शेकल्या. काळं पाणी अंगणभर पसरलं आणि इंदूच्या रांगोळीवरून वाहत गेलं. पाण्याचा जोर ओसरल्यावर भानूनं किल्ली फिरवली. गाडीनं खर्र खर्र केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला खर्र खर्रही क्षीण झालं.

इंदू उठली. तिनं नळी गोळा करून जागेवर नेऊन ठेवली आणि ती पुन्हा पोहे निवडायला बसली. त्यापेक्षा चार बोलणी खाल्ली असती तर बरं, असं भानूला वाटलं.

आता दस्तगीर मेस्त्रींकडं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भानू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि चप्पल काढता काढता इतका वेळ लावला की मेस्त्रींनी आतूनच विचारलं, काय झालं. भानूनं सगळं सांगितलं. मेस्त्रींनी एकच विचारलं, गाडी तापलेली होती का? होती, भानू म्हणाला. मेस्त्री म्हणाले की तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा तडकतो; तुझा तडकला नाही हे तुझ्या इंदूचं नशीब म्हणायचं.

ते आले. इंजिनाच्या बाजूला प्लगांना करंट वाटणारा एक काळा डबा असतो, त्याचं टोपण त्यांनी काढलं. आत पाणी साचलं होतं. ते त्यांनी कोरड्या फडक्यानं टिपलं, टोपण तासभर वाऱ्याला ठेवलं आणि पुन्हा बसवलं. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. भानूनं हात जोडले. आता उद्या तुम्हीच तिला साफ करून द्या, अशी विनवणी केली.

मेस्त्रींनी मान हलवली. पाठ वाकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि पाठ वाकत असती तरी मी केलं नसतं, असंही सांगितलं. सकाळी इंजिन गार असेल तेव्हा मी खुर्ची टाकून बसेन, हात तुझे चालतील. गाडी तू देणार आहेस, तर तिच्या आत काय आहे ते तुझ्या हाताला कळलं पाहिजे.

शनिवारी सकाळी भानू मुकाट्यानं कामाला लागला. मेस्त्रींनी सगळ्यांत आधी बॅटरीची काळी तार सोडवायला लावली. मग इंदूनं साठवलेल्या दुधाच्या पिशव्या आल्या. करंट वाटणारा डबा, डायनॅमो, फ्यूजची पेटी, हवा आत जाते ते तोंड, जिथं जिथं पाणी जायला नको तिथं तिथं पिशवी चढवून दोऱ्यानं बांधली. गाडीखाली जुनी ताडपत्री घातली आणि तिच्यावर सुताराकडचा भुसा पसरला. हे तेलकट पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मेस्त्री म्हणाले, गटार ओढ्याला मिळतं आणि ओढ्यावर गावची जनावरं पाणी पितात. काल गेलं ते गेलं. भानूनं मान खाली घातली.

मग ओलं काहीही करण्याआधी कोरडं काम. नाका-तोंडाला रुमाल, हातांत रबरी मोजे. उंदराचं घर आधी फिनेलच्या पाण्यानं जरा भिजवलं, म्हणजे त्याची धूळ उडून छातीत जायला नको, आणि मग ते सगळंच्या सगळं उचलून पिशवीत बांधलं. उंदीर केव्हाच बिऱ्हाड हलवून गेला होता. पानं बोटांनी वेचून काढली. बनियनचा तुकडा इंदूनं ओळखला आणि हसू दाबत आत गेली.

भानूला घाई झाली होती. असं पान पान वेचत बसलं तर रविवार उजाडेल, असं त्याला वाटत होतं. तो ब्रश धुवायला ठेवलेली पेट्रोलची बाटली घेऊन आला. मेस्त्रींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली.

"पेट्रोलनं मळ जातो, पेंटर. कधी कधी माणूसही जातो."

डेपोत त्यांनी एकाला असं भाजताना बघितलं होतं. ती गोष्ट त्यांनी सांगितली नाही आणि भानूनं विचारलीही नाही. इंदूनं भांड्याचा साबण कोमट पाण्यात कालवून दिला. भानूचे जुने, झिजलेले ब्रश बाहेर आले. मेस्त्रींनी सांगितलं की वरून खाली यायचं, वीतभर जागा घ्यायची, साबण लावून मुरू द्यायचा, ब्रशनं घासायचं, ओल्या फडक्यानं टिपायचं, कोरड्यानं पुसायचं आणि मगच पुढच्या जागेला हात लावायचा. नळीचं नाव काढायचं नाही. भानूनं एक वीत केली, दुसरी केली. तिसऱ्या वितीनंतर त्याच्या खांद्यांची घाई आपोआप गेली. ब्रश कसा धरायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अकराच्या सुमारास, उरलेलं आता तुझं तुला येतंय असं म्हणून, मेस्त्री घरी गेले. भानू एकटाच घासत राहिला. आणि आता त्याला मजा यायला लागली. काळ्या थराखालून एक पिवळी कडी वर आली. मग एक पांढरा बाण. मग एका टोपणावर कोरलेली बारीक, नेटकी अक्षरं, एका झाकणावर लाल रंगातली सूचना. आपल्या आधीच कुणीतरी इथं पाट्या रंगवून गेलंय, असं त्याला वाटलं. एवढी वर्षं त्या वाचल्या कुणी नव्हत्या इतकंच. तो गुणगुणायला लागला. ओट्यावरून इंदूनं ते ऐकलं आणि न सांगता चहा आणून ठेवला.

ब्रेकच्या तेलाची बाटली साफ करत तो खाली आला आणि त्याचा हात थांबला.

बाटलीखालच्या पत्र्यावर, हातभर लांब पट्ट्यात, पांढरा रंग फुगून सुटला होता. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण भानूचं सगळं आयुष्य रंग का सुटतो हे बघण्यात गेलं होतं. रंग उन्हानं सुटतो. इथं ऊन नव्हतं. रंग ओलीनं सुटतो. इथं पाऊस येत नव्हता. गंज आतून ढकलतो तेव्हा सुटतो. त्यानं नखानं पोपडा काढला, खाली गंज नव्हता. मग हा रंग कुणी खाल्ला? त्यानं बोट फिरवलं. काहीतरी पातळ, बुळबुळीत होतं आणि ते इंजिनच्या तेलासारखं काळं नव्हतं. तो बोटानं माग काढत वर गेला. पट्टा बाटलीखालच्या लोखंडी नळकांड्यापाशी संपला, जिथून ब्रेकची बारीक नळी निघते. त्यानं तो सांधा कोरडा पुसला, गाडीत बसून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला आणि पुन्हा येऊन बघितलं. सांध्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लटकला होता. तो खाली पडला आणि त्याच्या जागी दुसरा जमू लागला. बाटलीवरची मळानं झाकलेली खूण आता स्वच्छ दिसत होती. ब्रेकचं तेल त्या खुणेच्या बरंच खाली होतं; रंग त्यानंच खाल्ला होता.

भानू टायरला टेकून जमिनीवर बसला.

त्याच्या मनात नाही नाही ते आलं. ब्रेक तर लागतो आहे. कालच तर बाजारातून गाडी आणली. थोडं तेल वर ओतलं, खाली पुसून घेतलं, की कुणाच्या बापाला कळत नाही. स्टँडवर फळा लागला आहे. सरपंच येणार, शाळेच्या मोठ्या बाई येणार, पोह्यांचं पोतं घरात येऊन पडलं आहे. ज्यानं गावाला गाडी कशी ठेवावी हे शिकवलं त्यानं आता गावापुढं काय सांगायचं? नंतर एखाद्या दिवशी निशीला निवांत सांगता येईल.

तो उठला. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. पोपडे खरवडले, पत्रा पुसला आणि त्या पट्ट्यावर ब्रशचा एक हात मारला. पत्रा नव्यासारखा दिसू लागला. भानूनं सुस्कारा सोडला, हात धुतले आणि जेवायला गेला. जेवून परत आला तेव्हा ताज्या रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. नळीतून पाझरलेला ओघळ त्यावरून गेला होता आणि दुधावरची साय गोळा व्हावी तसा रंग एका बाजूला गोळा झाला होता. तीस वर्षांत रंगानं त्याला असा नकार कधी दिला नव्हता. भानू त्या ओघळाकडं बघत राहिला. सातवळणी घाट त्याला दिसायला लागला. खाली उतरणारी पांढरी गाडी दिसली, आणि ब्रेकवर दाबलेला निशीचा पाय.

त्यानं डब्याचं झाकण बसवलं आणि घरात गेला. इंदूला त्यानं सगळं सांगितलं, रंग मारल्याचंही. इंदूनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की उद्या कुणाला सांगायचं नसेल तर किरकोळ काम निघालंय एवढं म्हटलं तरी पुरे, लोक काही बॉनेट उघडून बघणार नाहीत.

"तेच तर झालं इतकी वर्षं," भानू म्हणाला.

इंदूनं कांद्यांची टोपली पुढं ओढली. मग म्हणाली की काही झालं तरी पोहे करावेच लागणार, आणि कांदे चिरायला बसली.

रविवारी अंगण भरलं. सरपंच जीप घेऊन आले, मोठ्या बाई स्कूटरवरून आल्या, दुकानदार आले, पोह्यांच्या वासानं न बोलावलेलेही आले. निशी सकाळच्या एसटीनं बॅग घेऊन आली आणि मामा-मामीच्या पाया पडली. मोटार उन्हात झळकत होती. कुणीतरी झेंडूचा हार पुढं केला, कुणीतरी नारळ. दस्तगीर मेस्त्रींना खुर्ची दिली होती. भानू पुढं आला, पण त्यानं हार घेतला नाही. खटका ओढून त्यानं बॉनेट वर केलं आणि काठी लावली.

"ही गाडी मी बाहेरून इतकी वर्षं पुसली," तो म्हणाला. "आत परवा पहिल्यांदा बघितलं. काल साफ करताना ब्रेकचं तेल गळताना सापडलं. मी त्याच्यावर रंगही मारून बघितला. ही गाडी आज घाटात जाणार नाही. फळ्यावर लिहिलेलं मी आज पाळू शकत नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. भानूचे कान लाल झाले. तेवढ्यात निशी पुढं झाली. ती वाकली, सुटलेला रंग बघितला, वरचा सांधा बघितला, थेंब बोटावर घेतला. मग सरळ होऊन म्हणाली, "मामा, आमच्याकडं जखम आधी धुतात. धुतल्याशिवाय ती किती खोल आहे ते कळत नाही."

एवढं बोलून तिनं मामाचा हात धरला. साबणानं आणि घासण्यानं त्या हाताची कातडी सोलवटली होती. दस्तगीर मेस्त्री खुर्चीतून उठले, वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की डेपोत तीस वर्षं काढली, पण उडालेल्या रंगावरून गळती ओळखणारा माणूस मला आज भेटला. त्या नळकांड्याच्या आतलं रबर गेलंय, जिल्ह्याहून मागवावं लागेल, बसवायला अर्धा दिवस. एवढंच.

आता प्रश्न नारळाचा होता. देणं झालं नाही तर नारळ कशापुढं फोडायचा, यावर दोन मतं पडली. इंदूनं नारळ हातातून घेतला, पायरीवर फोडला आणि खवून पोह्यांवर घातला. पोहे दोनदा करावे लागले.

खाऊन झाल्यावर एक गंमत झाली. सरपंच हात पुसत जीपकडं गेले, चोरून इकडंतिकडं बघितलं आणि बॉनेट उचललं. आतून एक खार उडी मारून त्यांच्या खांद्यावरून पळाली. मग कोण थांबतंय. कुणाच्या गाडीत चिंचेचा पाला निघाला, कुणाच्या गाडीत तारेला दात लागलेले निघाले. एकाचं तर बॉनेटच उघडेना. संध्याकाळपर्यंत कासारपेठेत घरोघर इंजिनं गार व्हायला ठेवली होती, दुधाच्या पिशव्या कमी पडत होत्या आणि मेस्त्री दारोदार ओरडून सांगत होते की आधी गार होऊ द्या, आधी काळी तार सोडवा. सांगून सांगून त्यांचा घसा बसला. पण इतका आनंदी माणूस त्या दिवशी गावात दुसरा नव्हता.

निशी सोमवारी पहाटेच्या एसटीनं भैरवमाळला गेली. बुधवारी सामान आलं. मेस्त्री सांगत गेले, भानूनं बसवलं. जुनं तेल काढून नवं भरताना इंदू गाडीत बसून ब्रेक दाबत आणि सोडत होती, कारण भानूच्या ओरडण्यापेक्षा मेस्त्रींच्या खुणेवर ती बरोबर चालायची. मग भानूनं दोन दिवस रोज तीनदा बॉनेट उघडून सांधा बघितला. तो कोरडा होता. तेव्हा कुठं त्यानं पत्र्यावर रंगाचा हात मारला, आणि या वेळेला रंग बसला. पुढच्या रविवारी मेस्त्रींच्या मुलानं गाडी चालवली आणि भानू, इंदू आणि मेस्त्री असे तिघं म्हातारे मागं-पुढं बसून घाट चढून गेले. प्रत्येक वळणावर भानू ब्रेक लावून बघायला सांगायचा. मुलगा वैतागला, पण लावत गेला. वर कुणी फळा लावला नव्हता, हार नव्हता. भानूनं किल्ली निशीच्या हातात ठेवली, तिला बॉनेटचा खटका कुठं असतो ते दाखवलं आणि ती चौघं केंद्राच्या पायरीवर बसून भाकरी खाऊन, आली त्या वाटेनं, एसटीनं परतली.

दीड महिना गेला. एके दिवशी दुपारी भानू शिडीवर चढून मेडिकलच्या दुकानाची पाटी लिहीत होता. फोन वाजला. निशी होती. तिचा श्वास जोरात चालला होता.

"मामा, गाडी थांबली," ती म्हणाली.

भानूनं एका हातानं शिडी घट्ट धरली. त्यानं विचारलं, "बंद पडली?"

"नाही मामा. जिथं थांबवली तिथं थांबली."

मग तिनं सगळं सांगितलं. दम्यानं घाबरा झालेल्या एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या सुनेला घेऊन ती घाट उतरत होती. चौथ्या वळणापलीकडं रस्ताभर म्हशी बसलेल्या होत्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिनं ब्रेक दाबला. गाडी पहिल्या म्हशीच्या शिंगांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. म्हशीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. म्हातारा आता दवाखान्यात होता, त्याला श्वास नीट घेता येत होता आणि तो चहा मागत होता.

भानूनं फोन कानाशी तसाच धरला. त्यानं ब्रश डब्यात ठेवला, शिडीवरून सावकाश उतरला आणि रस्ता ओलांडून घरी जाऊन फोन इंदूच्या हातात दिला. इंदूनं सगळं ऐकलं, मग भानूकडं बघितलं आणि निशीला एवढंच सांगितलं की मामा रडतायत, पण आनंदानं.

तात्पर्य: मळावर रंग चढवला की दोष आत तसाच राहतो. मळ आपल्या हातांनी, धीरानं काढावा आणि खाली जो दोष सापडेल तो न लपवता सांगावा. त्यात आपली घटकाभर लाज जाते, पण कुणाचा तरी जीव राखला जातो.